सायलेन्सरवरही शिक्का हवा

मराठीने मोटारसायकलला पहिलं नाव दिलं ते तिच्या आवाजावरून. फटफटी. चाकं दोन आहेत, पेट्रोल लागतं, वेग जास्त आहे, यातलं काहीच आपल्या आजोबांना महत्त्वाचं वाटलं नाही. मागच्या नळीतून फट-फट आवाज येतो, म्हणून फटफटी. गुजरातीतही तेच झालं, तिथे ती फटफटियुं झाली. त्यामुळे आज सुरतेचा एखादा मुलगा गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यातच सायलेन्सर बदलतो, तेव्हा त्याला सरळ टवाळखोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आवाज हीच गाडीची ओळख, हे त्याला भाषेनेच शिकवलंय.

गंमत एवढीच की ज्या वस्तूचं नावच सायलेन्सर, ती आपल्याकडे आवाज वाढवण्यासाठी विकत घेतली जाते.

माझं घर सुरतेचं. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागात धुळे-जळगाव-नंदुरबारहून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. आमच्याकडे बुलेट ही नुसती गाडी नसते. मुलगा कमावता झाला याची ती जाहीर घोषणा असते. मग दुकानात जायचं आणि सायलेन्सर निवडायचा. पंजाबी, इंदोरी, डॉल्फिन, शॉर्ट बॉटल, मेगाफोन. दुकानदार एकेक लावून रेस देऊन दाखवतो. गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकतं. ज्याचा आवाज छातीत बसतो, तो पास. पगारातले दोन-तीन हजार गेले तरी चालतील.

माझा आक्षेप या निवडीच्या पद्धतीवर आहे. सायलेन्सर कानाने निवडायची वस्तूच नाही.

सायलेन्सर म्हणजे इंजिनाला मागून लावलेलं शेपूट, असा समज आहे. प्रत्यक्षात तो इंजिनाचा भाग असतो. ज्यांच्या घरी कधीकाळी यामाहा आरएक्स १०० होती त्यांना हे चटकन कळेल. १९८५ साली आलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी १९९६ मध्ये बंद झाली, तरी तिच्या आवाजावर जीव टाकणारे लोक अजून आहेत. टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर सोडायला झडप नसते, नुसतं भोक असतं. पिस्टन खाली गेला की ते उघडतं. त्या वेळी जळलेल्या धुराबरोबर थोडं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणही निसटू पाहतं. मागची फुगीर नळी अशा मापाची केलेली असते की धुराच्या दाबाची लाट पुढे जाऊन, आपटून परत येते आणि निसटणारं मिश्रण पुन्हा आत ढकलते. नळीची लांबी चुकली की लाट वेळेवर येत नाही. आवाज दणदणीत, पण गाडी चढावर दमते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची आरएक्स-७. आरएक्स हे नाव सारखं असलं तरी नातं काही नाही. १९९१ ते २००२ दरम्यान बनलेल्या तिच्या शेवटच्या पिढीत पिस्टनच नव्हते. अंडाकृती पोकळीत फिरणारे दोन त्रिकोणी रोटर, एकूण १३०८ सीसी, आणि वर दोन टर्बो. या रोटरी इंजिनातही धुराला झडप नाही, भोकच आहे. ते एकदम उघडतं, म्हणून धूर प्रचंड तापलेला आणि आवाज कर्कश. याच कंपनीच्या चार रोटरच्या ७८७बी गाडीने १९९१ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. तिच्या किंकाळीचे व्हिडिओ आपल्या हॉस्टेलमध्येही बघितले जातात.

आरएक्स-७ घेणारा प्रत्येक शौकीन लवकरच तिची मागची नळी बदलायच्या विचारात पडतो. त्याला कारणही आहे. टर्बोचं चाक धुराच्या जोरावर फिरतं, त्यामुळे टर्बोच्या मागची वाट जितकी मोकळी तितकं ते जोरात फिरतं. इथेच घात होतो. दाब मर्यादेत राहावा म्हणून जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी एक झडप असते, वेस्टगेट. मागचं सगळं मोकळं केलं की एवढा धूर वळवणं त्या झडपेला झेपत नाही. दाब वाढतच जातो. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच, मग इंजिनात अवेळी स्फोट होतात आणि रोटरच्या टोकांवरच्या पातळ पट्ट्या तुटतात. इंजिन उघडावं लागतं. म्हणून त्या गाडीचे जाणकार नवख्याला सांगतात की आधी दाब दाखवणारा काटा बसव, पेट्रोलचा हिशेब बदलता येईल का ते बघ, आणि मगच नळीला हात लाव. नळी निवडणं म्हणजे अख्खं इंजिन समजून घेणं. आवाज त्या यादीत सगळ्यात शेवटी येतो.

आपल्या बुलेटला टर्बो नाही, त्यामुळे चुकीचा सायलेन्सर लावून तिचं इंजिन लगेच फुटत नाही. म्हणूनच आपण बेफिकीर राहतो. पण १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ आलं. आता नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महाग धातूंचा पातळ लेप असलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू बऱ्याच प्रमाणात निरुपद्रवी करते. सोबत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्या सांगण्यावरून किती पेट्रोल सोडायचं ते ठरतं. कन्व्हर्टर असलेली नळी काढून पोकळ नळी लावली की हे सगळं बिघडतं. मुलाला वाटतं गाडी मोकळी झाली. तिच्या मागे सिग्नलला उभी असलेली, ओढणीने नाक झाकलेली बाई काय श्वासात घेते, हे त्याला दिसत नाही.

आणि ऐकतो कोण? मालक तर कमीच ऐकतो, कारण तो पुढे असतो आणि नळीचं तोंड मागे. ऐकते ती गल्ली. सुरतेत लूम खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. तिथे माणसं ओठ आणि हात बघून बोलतात, कारण ओरडूनही ऐकू जात नाही. कारखान्यातल्या आवाजाला आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमात आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो. त्याची खोली दहा बाय दहाची, पत्रा तापलेला, दार वाऱ्यासाठी उघडं. त्याच्या उशापासून पाच फुटांवरून फटाके फोडत बुलेट जाते. त्याच्या कानांना शांतता मिळण्याची दिवसातली ती एकच वेळ असते. मोठ्या बंगल्यांना काचा आणि एसी असतात, आवाज बाहेरच थांबतो. त्यामुळे हा प्रश्न मला शिस्तीपेक्षा न्यायाचा जास्त वाटतो. आमच्याच पोरांच्या हौसेची किंमत आमचीच माणसं झोपेने मोजतात.

आकडेही पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. मजुरा गेटचं नवं सिव्हिल हॉस्पिटल किंवा उमरवाड्यातलं स्मीमेर, अशा रुग्णालयांभोवतीचे १०० मीटर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केले असतील, तर त्यांना हा नियम लागू होतो. १७५ सीसीच्या वरची दुचाकी कारखान्यातून बाहेर पडताना चाचणीत ८० डेसिबलच्या आत असावी लागते. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते. ‘थोडासाच जास्त आहे’ हे वाक्य म्हणून फसवं आहे.

कायदा नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने दिलेल्या तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज-धुराचं मानक मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बंद. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोलर फिरवला, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत.

फोटो चांगले येतात. पण रोलर फिरतो तो मुलाच्या पैशांवर. ज्या दुकानाने उघड्यावर, रस्त्याला तोंड करून, रेस देऊन तो सायलेन्सर विकला, त्याचं शटर दुसऱ्या दिवशीही वर असतं. शिवाय कायदा दोनच प्रकार ओळखतो, कंपनीचा आणि बेकायदा. गंजलेल्या नळीच्या जागी बाहेरची चांगली, स्वस्त, तितकीच शांत नळी लावू पाहणारा गरीब मालक आणि जाळी काढून फटाके फोडणारा हिरो, दोघं एकाच रांगेत उभे राहतात. मग मुलं म्हणतात, पकडणारच आहेत तर मोठा आवाज तरी घेऊ.

यावर तिसरी वाट आहे आणि ती जगात वापरात आहे. युरोपात बदली सायलेन्सरची चाचणी होते. पास झालेल्यावर गोलात ‘ई’ अक्षर आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा कोरलेला असतो. जपानमध्ये, म्हणजे आरएक्स-७ च्या घरीच, एप्रिल २०१० पासून बनलेल्या गाड्यांना बाहेरचा सायलेन्सर लावायचा तर तो आधी तपासून खूण मिळालेला असावा लागतो. शौक बंद झाला नाही, त्याला माप मिळालं. आपल्याकडे हे अशक्य आहे का? गाड्या आणि सुटे भाग तपासणारी एआरएआय संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. हेल्मेटचं उदाहरण तर ताजं आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं आयएसआय नसलेलं हेल्मेट विकणं हाच गुन्हा झाला. म्हणजे घालणाऱ्याबरोबर विकणाऱ्यालाही धरलं. सायलेन्सरलाही तसाच शिक्का द्या. शिक्का असेल तर लावू द्या, नसेल तर दुकानातच थांबवा. चौकातल्या हवालदारालाही डेसिबल मीटर घेऊन भांडत बसायला नको, वाकून शिक्का बघितला की झालं.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. मोठा आवाज असला की ट्रकवाल्याला कळतं, जीव वाचतो. ऐकायला पटतं. पण नळीचं तोंड मागे असतं आणि धोका बहुतेक वेळा समोरून किंवा बाजूने येतो. बंद काचेच्या गाडीत गाणी चालू असतील तर बुलेट शेजारी येईपर्यंत ऐकूही येत नाही. जीव वाचवायचाच असेल तर त्या दोन-तीन हजारांत चांगलं हेल्मेट येतं.

दुसरं उत्तर जास्त खरं आहे. ‘आमच्याकडे दुसरं आहे काय?’ बारा तास मशीनच्या आवाजात गप्प राहिलेल्या मुलाला संध्याकाळी डुमस रोडवर स्वतःचा आवाज ऐकवावासा वाटतो, हे मला कळतं. त्याला गप्प करा असं मी म्हणणारच नाही. पण आपला आवाज म्हणजे दुसऱ्याची झोप नव्हे, हा साधा शेजारधर्म आहे, आणि तो शिकायला पोलीस लागू नयेत.

शिक्का येईल तेव्हा येईल. तोवर आपल्यापैकी जे कोणी सायलेन्सर बदलणार असतील त्यांनी दुकानदाराला रेस देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. माझ्या गाडीचा कन्व्हर्टर जागेवर राहणार का? सेन्सरसाठी जागा आहे का? आतली जाळी पक्की आहे की काढता येते? पावतीवर दुकानाचं नाव आणि मॉडेल लिहून देणार का? चौथ्या प्रश्नाला दुकानदार हसला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.