पहिला फोन मला

बेसिस्ट कसा ओळखायचा, याची एक सोपी युक्ती सांगते. एखाद्या बँडचा फोटो छापायला द्या. जागा कमी पडली की कडेचा जो माणूस कापला जातो, तो बेसिस्ट. लीड गिटारवाल्याला फॅन्स असतात, ड्रमरला घाम असतो, गायकाला तर काय, सगळंच असतं. बेसिस्टकडे चार जाड तारा असतात आणि घरच्यांचा एक कायमचा प्रश्न असतो, 'सहा तारांची स्वस्तात मिळत होती ना? मग चार तारांची महाग कशाला घेतलीस?'

यावर माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. एवढंच सांगते, की घरातला पंखा चालू असताना त्याचा आवाज कुणी ऐकत नाही. लाइट गेले की मात्र ती शांतता बरोब्बर कानात येते. बेसचं तसंच आहे. आर. डी. बर्मनच्या गाण्यांवर आपण स्टिअरिंगवर बोटं नाचवतो ना, ती बऱ्याचदा टोनी वाझ यांच्या बेसवर नाचत असतात. हे नाव तुमच्या ऑफिसात किती जणांना माहीत आहे, विचारून बघा. किंवा नकोच.

वाद्य तसं तरुण आहे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्याआधी हे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे होतं. फेंडरने ते गळ्यात अडकवण्याजोगं केलं आणि मानेवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट्स, बसवल्या. त्यामुळे सूर नेमका लागायला लागला, म्हणून ते नाव. (या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हा माझा जाम आवडता किस्सा.) मग १९६० मध्ये त्याचाच 'जॅझ बेस' आला. आज दुकानात दिसणारे बरेचसे बेस या दोघांचीच पोरंबाळं.

गळ्यात अडकवण्याजोगं म्हणजे किती? एकूण लांबी चार फुटांना थोडी कमी, वजन चार किलोंच्या आसपास. ही वस्तू पाठीवर घेऊन संध्याकाळच्या लेडीज डब्यात चढून बघा. पहिल्या दोन स्टेशनांत शिव्या, तिसऱ्याला 'सतार आहे का गं?'

आता खरा मुद्दा. हल्ली सेकंडहँड फोन, बाइक, सोफा, सगळं आपण फोटो बघून ठरवतो. बेस तसा ठरवता येत नाही. त्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते आणि मोबाइलचा एवढासा स्पीकर इतक्या खालच्या सुरापर्यंत पोचतच नाही. व्हिडिओत ऐकू येतो तो वरवरचा खडखडाट, उरलेलं आपला कान अंदाजाने भरून काढतो. त्यामुळे दहा हजारांचा बेस आणि लाखाचा बेस फोनवर जवळपास भाऊ-भाऊ वाटतात. म्हणजे काय, तर उठायचं, ट्रेन पकडायची आणि विकणाऱ्याच्या घरी जायचं. त्याच्या ॲम्पला लावून वाजवायचं. खालच्या मजल्यावरच्यांनी झाडूच्या दांड्याने ठोकलं, की समजायचं पिकअप ठीक आहेत.

घरी गेलं की चहा येतो. चहा आला की आई येते, नाहीतर बायको येते, आणि 'कशाला विकतोयस रे, राहू दे ना' किंवा 'एकदाचा जाऊ दे बाई' यातलं एक वाक्य येतं. तोवर तुमची तपासणी चालू. पहिल्या फ्रेटवर तार दाबायची, शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट दिसते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर छान. बोट जात असेल तर मान वाकली आहे. चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण त्या लाकडावर चोवीस तास असतो आणि आपल्याकडे वर पावसाळा. म्हणून माझं मत असं, की मुंबईत बेस घ्यायचा तर जुलैत घ्यावा. जुलैत जो सरळ आहे, तो बाराही महिने सरळ. मग आवाजाची बटणं फिरवायची, खरखर आली तर आत धूळ आहे, घाबरायचं कारण नाही. केबलचं भोक हलवून बघायचं. आणि मानेतला ट्रस रॉड फिरतो का, हे विचारायचंच. तो जाम असेल तर चहा संपवून, छान होता म्हणून निघायचं.

मी गेले की एक प्रश्न जादा येतो, 'बॉयफ्रेंडसाठी बघतेयस का?' अहो, मोहिनी डे आपल्याच मुंबईची, ए. आर. रहमानबरोबर वाजवते, वडीलही बेसिस्ट, तरी हा प्रश्न काही सुटत नाही. मी काही बोलत नाही. ॲम्पचा आवाज थोडा वाढवते.

घासाघीस आमच्यात फार नसते. ज्याच्या घरची भजी खाल्ली, त्याला 'दोन हजार कमी करा' कसं म्हणणार? त्यामुळे भाव तोच राहतो आणि वर पट्टा, केबल, बॅग, ट्यूनर असलं काहीतरी गळ्यात पडतं. एकाने मला चक्क जुन्या तारांचा सेट दिला आणि वर उकळायची पद्धत सांगितली. हसू नका. बेसच्या तारा महाग, नव्या सेटचे दोनेक हजार सहज जातात. पण त्या पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या की वेटोळ्यांत अडकलेला मळ निघतो आणि काही दिवस तार पुन्हा खणखणीत बोलते. पुसून नीट वाळवायच्या, नाहीतर गंज. आमच्या आईने एकदा झाकण उघडून 'शेवया आहेत का?' विचारलं होतं. तेव्हापासून माझ्यासाठी वेगळं पातेलं आहे.

अशा व्यवहारांतूनच आमची टोळी जमली. बारा-तेरा जण असू. एक बँकेत, एक डेंटिस्ट, दोघं आयटीत, एक कॉलेजात शिकवतो. जवळपास प्रत्येकाने दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी विकलंय. पाच तारांचा एक काळा बेस तर चार घरं फिरून पहिल्या मालकाकडे परत गेलाय, दरवेळी हजारभर रुपये कमी होऊन. कुणाचं लग्न ठरलं की आम्ही अभिनंदन करतो आणि मनात म्हणतो, आता एक बेस बाजारात येणार. वाईट आहे, पण खरं आहे. बेस विकणारा माणूस दहातल्या आठ वेळा नवा बेस घ्यायला विकत नसतो. तो वाजवणं थांबवत असतो. ईएमआय, बदली, बाळ, पाठदुखी. त्यामुळे चहा पिताना समोरच्याच्या हाताकडे बघू नये. तो तुम्हाला वाजवताना बघत स्वतःच्या मांडीवर तीच बोटं हलवत असतो.

म्हणून आमच्यात एक अट असते, कुठे लिहिलेली नाही. विकणारा म्हणतो, 'पुढे कधी काढायचा झाला, तर पहिला फोन मला.'

ही काही आमची मुंबईची शक्कल नाही. जॅको पास्टोरियस हे नाव बेसवाल्यांमध्ये हळू आवाजात घेतात. त्याचा १९६२चा जॅझ बेस, फ्रेट्स उपटून काढलेला, १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून चोरीला गेला. पुढच्याच वर्षी जॅको गेला. वीसेक वर्षांनी बेस सापडला, मालकी कुणाची यावर भांडण झालं आणि २०१० मध्ये मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे भरून तो सोडवला. अट काय? जॅकोच्या घरच्यांना हवा असेल तेव्हा, त्याने मोजलेल्या किमतीतच परत. पॉल मॅकार्टनीचा १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तीसेक पौंडांत घेतलेला होफ्नर तर १९७२ मध्ये लंडनमध्ये गाडीतून गेला आणि २०२४ मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं. पन्नासहून जास्त वर्षं! सापडला कुठे, तर एका घराच्या माळ्यावर.

तर, माझा माळा. म्हणजे माझं कपाट.

नोव्हेंबर २०२०. लोकल सगळ्यांसाठी सुरू झाल्या नव्हत्या, बायकांना फक्त अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर परवानगी होती. मी अकराची गाडी पकडून डोंबिवलीला गेले. विकणारे काका साठीच्या आसपासचे, ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारे. गणपती, नवरात्र, लग्नं, सोसायटीचे कार्यक्रम, यावर तीस वर्षं घर चाललेलं. मार्चपासून एकही कार्यक्रम नाही. बेस होता जपानमध्ये बनलेला फेंडर जॅझ, शिपवरच्या मेव्हण्याने आणलेला. मान जुलैतल्यासारखी सरळ. अंगठा टेकवायच्या जागी लाकडावरचं पॉलिश गेलेलं, तिथे माझा अंगठाही आपोआप गेला.

काकांनी चाळीस हजार सांगितले. मी म्हटलं, 'काका, याचे जास्त येतील. थोडं थांबा.' ते म्हणाले, 'थांबण्याचेच तर पैसे नाहीत, पोरी. तू आज किती देतेस?'

माझाही पगार तेव्हा कापलेला होता. चाळीस दिले, त्याहून जास्त खात्यात नव्हते. काकूंनी बॅगेला जुनी साडी गुंडाळून दिली, पाऊस नसताना. आणि दारात काका म्हणाले तेच, पहिला फोन मला.

तो बेस मी साडेतीन वर्षं वाजवला. तुम्हाला सांगते, काही वाद्यं आपल्याला आहोत त्यापेक्षा बरं वाजवायला लावतात. २०२४ मध्ये घर बदलायची वेळ आली. डिपॉझिटचा आकडा ऐकून मी कपाटाकडे बघितलं. टोळीतल्या एकाच्या ओळखीने बंगळुरूहून निरोप आला, पंच्याऐंशी हजार, लगेच ट्रान्स्फर, फक्त एकदा येऊन वाजवून बघणार.

टोळीत जोरदार वाद झाला. डेंटिस्टचं म्हणणं, 'अगं, फोन करायचा शब्द दिलायस, भाव कुठे ठरला होता? काकांना सांग पंच्याऐंशीची ऑफर आहे, घेता का? विषय संपला.' कायद्याने बरोबर. बँकवाला म्हणाला, 'साठ वर्षांच्या माणसाला पंच्याऐंशी सांगणं म्हणजे फोन न करण्यासारखंच आहे.' तेही बरोबर. तिसरी म्हणाली, 'चाळीसला देऊन टाक.' त्यावर पहिला म्हणाला, 'दान वाटलं तर ते हातही लावणार नाहीत.' दोन दिवस हेच. मला डिपॉझिट भरायचं होतं आणि हे लोक धर्मराज झाले होते.

शेवटी मी फोन केला. म्हटलं, काका, काढतेय. पलीकडे बराच वेळ फक्त टीव्हीचा आवाज. मग त्यांनी विचारलं, 'मानेला काही झालं नाही ना?' नाही म्हटलं. 'बाहेर काय मिळतायत?' खोटं बोलायचा विचार मनात आला होता, पण ज्याने तीस वर्षं बाजारात वाजवलंय त्याला भाव माहीत नसेल का? पंच्याऐंशी, मी म्हटलं. ते हसले. 'बरोबर सांगितलंस. एवढेच येतात. माझ्याकडे नाहीत.' कार्यक्रम २०२२च्या गणपतीपासून पुन्हा जोरात सुरू झाले होते, पण ते इतकी वर्षं भाच्याच्या बेसवर वाजवत होते आणि भाचा दर वेळी तोंड वाकडं करायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, 'मी चाळीसला घेतला, चाळीसला देते.'

'तू तारा बदलल्यास ना? फ्रेट्स घासून घेतलेस? मग पन्नास. वीस आता, बाकीचे गणपतीनंतर.' मी नको म्हणत होते, ते ऐकत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच घेणारा भाव चढवत होता आणि विकणारी उतरवत होती. शेवटी पन्नासवर सही झाली, म्हणजे चहा झाला.

आता हिशेब. पस्तीस हजार मी सोडले, ते काही कमी नाहीत, आणि एवढं थोर मला वाटलंबिटलं नाही. डिपॉझिटसाठी भावाकडून उसने घ्यावे लागले आणि तो ते दर रक्षाबंधनाला आठवण करून देतो. बंगळुरूवाल्याला नाही म्हणताना मी कारणही सांगितलं. तो दोन सेकंद गप्प राहिला आणि म्हणाला, त्याचा पहिला बेसही असाच कुणाकडे तरी आहे, पण ज्याला विकला त्याचा नंबर बदललाय. त्याच्यासाठी आम्ही अजून शोधतोय. सनबर्स्ट रंगाचा यामाहा, मागे बकलचा अर्धचंद्रासारखा ओरखडा. कुठे दिसला तर कळवा.

काकांचे उरलेले तीस हजार अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी आले, पाकिटातून, पाचशेच्या नोटा, काही नोटांना गुलाल. वर चिठ्ठी नव्हती. रात्री फोन मात्र आला. 'कल्याणला एक जण चार तारांचा काढतोय. मी जाऊन बघितला, मान सरळ आहे, आवाजाचं बटण खरखरतं. शनिवारी येतेस का? स्टेशनवर मी येतो. आणि भाव मी बोलेन, तुला जमत नाही.'