हेल्मेट डोक्यासाठी, पोलिसासाठी नव्हे

चौकात पोलीस उभा दिसला की कोपरात अडकवलेले हेल्मेट झटकन डोक्यावर चढते आणि चौक ओलांडला की पुन्हा कोपरात जाते. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. जणू हेल्मेट म्हणजे पोलिसाला दाखवायचा पास! ज्याची खरेदीच दंड चुकवण्यासाठी होते, ते मग फुटपाथवरचे स्वस्तातले चालते, ढिले चालते, पट्टा तुटलेलेही चालते. पण वाचक बंधू-भगिनींनो, डोके आपटते तेव्हा समोर पोलीस नसतो, डांबर असते. म्हणून हेल्मेट कसे निवडावे, याविषयी आज थोडे सविस्तर बोलू.

हेल्मेट घातले म्हणजे डोके वाचलेच, असे नाही. जगाला हा धडा एका हौशी मोटार शर्यतपटूच्या मृत्यूने दिला. अमेरिकेतील विल्यम ‘पीट’ स्नेल १९५६ साली शर्यतीत डोक्याला जबर मार लागून मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, त्या काळच्या मानाने चांगलेच होते. तरी ते कामी आले नाही. त्याचे मित्र नुसता शोक करून थांबले नाहीत. डॉ. जॉर्ज स्निव्हली यांच्यासह त्यांनी १९५७ साली त्याच्या नावाने संस्था काढली. हेल्मेट आपटून पाहायचे, आतल्या नकली डोक्याला किती हिसका बसला ते यंत्राने मोजायचे आणि कसोटीला उतरेल त्यालाच शिक्का द्यायचा, हे काम ती संस्था आजही करते. दुकानदाराच्या शब्दावर नव्हे, तपासणीवर विश्वास ठेवा, हा या गोष्टीचा सार.

हेल्मेटच्या आत असते काय? वरचे कवच आपण पाहतो, रंग आणि चकाकी पाहतो. खरे काम करतो तो आतला थर्मोकोलसारखा जाड थर. आपटल्यावर तो चेपतो आणि डोक्याला बसणारा हिसका स्वतः पितो. हा थर नसेल आणि कवचाखाली नुसता मऊ स्पंज असेल, तर ते हेल्मेट नव्हे, प्लास्टिकची टोपी. दुकानात अस्तर बाजूला करून बोटाने दाबून पाहा. कडक, दाणेदार थर हाताला लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक हेल्मेट आपापल्या अपघातासाठी बनते. कारखान्यात किंवा बांधकामावर मिळणारे पिवळे हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेसाठी असते. तेच घालून पाळीवरून मोटारसायकलने घरी येणारे कितीतरी बांधव आम्ही पाहतो. रस्त्यावर घसरून पडलात तर कानशील आणि मागचा भाग उघडाच राहतो. मोटारीच्या ट्रॅकवरचे हेल्मेट आणखी वेगळे. तेथे आगीचा धोका, म्हणून आतले कापड सहजी पेट न घेणारे असते. गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्यावर डोके पुन्हा पुन्हा आदळू शकते, म्हणून त्याचीही चाचणी होते. मान सांभाळणारा पट्टा जोडायलाही त्यात सोय असते. स्नेल संस्था मोटारीच्या हेल्मेटला ‘एसए’ आणि मोटारसायकलच्या हेल्मेटला ‘एम’ असा शिक्का देते. गॅरेजमध्ये काम करता करता एखाद्या मुलाला ट्रॅकवर गाडी चालवण्याची संधी मिळाली, तर त्याने ‘एसए’च घ्यावे आणि कोणत्या सालचा शिक्का चालतो, हे आयोजकांना आधी विचारावे. मात्र तेच हेल्मेट घालून स्कूटर चालवू नये. आपल्या रस्त्यावर कायद्याला आयएसआय शिक्काच लागतो.

दुचाकीच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक आहे ‘आयएस ४१५१’. शिक्क्याच्या वर हा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसता आयएसआयचा स्टिकर कोणीही छापतो. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप आहे, त्यात परवाना क्रमांक टाकला की खरे-खोटे कळते. घरातल्या शिकत्या मुलीला बरोबर न्या, ती दोन मिनिटांत पाहून देईल. १ जून २०२१ पासून बिगर आयएसआय हेल्मेट बनवणे आणि विकणे हाच गुन्हा आहे, हेही विक्रेत्याला खुशाल सांगावे.

आता माप. भुवयांच्या वर बोटभर अंतरावर शिवणकामाची टेप गुंडाळा. ५८ सेंटिमीटर भरले तर ५८० मिलिमीटरचे हेल्मेट. ते घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. हाताने उजवीकडे-डावीकडे फिरवा, गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मान खाली घाला आणि मागून वर ढकला. निघून आले तर ते तुमचे नव्हे. हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटे जातील एवढीच जागा असावी. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पडते. शक्य असेल तर हनुवटीही झाकणारे, पूर्ण चेहऱ्याचे घ्या.

एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्या. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. याच कारणाने जुन्या बाजारातले हेल्मेट घेऊ नये, त्याचा इतिहास कोणाला ठाऊक? पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. साधारण पाच वर्षांनी बदला.

सगळ्यात महत्त्वाचे मागच्या सीटविषयी. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातात मेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. घरात एक हेल्मेट असते आणि ते कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर असते. मागे बसलेली आई, बहीण, पत्नी उघड्या डोक्याने एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने लेकरू सावरते. खाली पडल्यावर डांबर मागे-पुढे पाहते काय? कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. मोठ्यांचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर पालथे घालणे म्हणजे संरक्षण नव्हे. बाईसाठीही तिच्या मापाचेच घ्या. अंबाडा मानेवर खाली घातला, वरची क्लिप काढली की ते नीट बसते.

“एवढे पैसे कुठून आणायचे?” हा प्रश्न खोटा नाही. पण हिशेब मांडू. दीड हजारांचे हेल्मेट पाच वर्षे वापरले, तर दिवसाला एक रुपयाही पडत नाही. दोन घेतली तरी दिवसाला दोन रुपयांच्या आत. एकदम जमत नसेल तर बचत गटातून किंवा भिशीतून घ्यावे. मोबाईल हप्त्यावर घेतो, मग हे का नको? गाडी घेताना विम्याबरोबर दोन हेल्मेटचे पैसे आधीच धरावेत.

हेल्मेट मरण टाळतेच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण २००८ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसले की, हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराला मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. एका पगारावर चालणाऱ्या घराला हा आकडा छोटा नाही. या रविवारी घरातली हेल्मेट खाली काढा, शिक्का पाहा, पट्टा ओढून पाहा आणि माणसे किती, हेल्मेट किती, एवढे मोजा.