विनोदाखाली बाईची सही

आर्णी (जि. यवतमाळ) : चीनमधील झेजियांग प्रांताच्या प्रचार विभागाने जुलै 2025 मध्ये स्टँड-अप कॉमेडी करणाऱ्या कलावंतांना इशारा दिला. टीका जरूर करा. पण हशा मिळविण्यासाठी स्त्री-पुरुषांत वैर पेटवू नका, असा त्याचा आशय होता. रोख कोणावर आहे, हे सांगण्याची गरज नव्हती. शांडोंगमधील एका खेड्यातून आलेल्या पन्नाशीच्या फान छुनली यांनी मारझोडीच्या संसारावर आणि घटस्फोटावर रचलेले विनोद त्याच सुमारास देशभर गाजत होते. त्यांच्याआधी यांग ली यांनी 2020 मध्ये, इतक्या सामान्य पुरुषांना इतका आत्मविश्वास येतो कोठून, असा प्रश्न विचारला होता. त्यावर सरकारी नियंत्रकांकडे तक्रारी गेल्या. मार्च 2021 मध्ये इंटेलने त्यांची जाहिरात मागे घेतली, तर 2024 मध्ये जेडी डॉट कॉमने ग्राहकांची क्षमा मागून त्यांच्याशी संबंध तोडले. एका वाक्याची किंमत चार वर्षे वसूल होत राहिली!

ही बातमी आर्णीत बसून वाचताना प्रथम भुलाबाई आठवते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांत सासूचा खाष्टपणा, नणंदेचा तोरा, सासरची कंजुषी यांची यथेच्छ टर उडविलेली असते. ही गाणी ऐकून कोणाच्या भावना दुखावल्याचे ऐकिवात नाही. उलट शेवटी खाऊ वाटला जातो. याचे एक कारण असे, की ही गाणी कोणा एकीची नाहीत. त्यांना कवयित्रीचे नाव नाही आणि ती समूहाने म्हटली जातात. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. या थट्टेचा नेम बहुधा सासू-नणंदेवर, म्हणजे दुसऱ्या बाईवरच असतो. घराचा खरा कारभारी तिच्या टप्प्यात क्वचितच येतो.

रंगमंचावर तर बाईची फटकळ जीभही पुरुषालाच बहाल झाली. तमाशाच्या गवळणीतील मावशी पुरुषानेच रंगवायची, हा संकेत. दूरचित्रवाणीवरील ‘चला हवा येऊ द्या’मध्येही साडी नेसलेल्या पुरुषांनी भरपूर हशे वसूल केले. लुगडे बाईचे चालते, टाळीही चालते. अडते ते बाईने स्वतःच्या नावाने बोलण्यापाशी.

तसे बोलण्याचे धाडस वऱ्हाडातच 1882 मध्ये झाले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने छापली. निमित्त सुरतेच्या एका तरुण विधवेवरील खटल्याचे होते. परंतु पुस्तकाचा जोर उपरोधात आहे. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषात कसा सवाई आहे हे दाखवायचे, ही त्यांची पद्धत. वस्तुतः यांग ली यांचा प्रश्न याच जातीचा. ताराबाईंवर टीकेची झोड उठली. महात्मा फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये हे पुस्तक पुन्हा उजेडात आणेपर्यंत ते विस्मृतीतच होते.

आजची शिक्षाही त्याच वळणाची आहे. मुंबईच्या अग्रिमा जोशुआ यांचा शिवस्मारकाविषयीचा जुना विनोद जुलै 2020 मध्ये वादात सापडला आणि त्यांनी क्षमा मागितली. त्या विनोदावर आक्षेप असू शकतो, आणि तो घेण्याचा अधिकार सर्वांना आहे. मात्र त्यांना बलात्काराच्या धमक्या आल्या. त्यापायी वडोदऱ्याच्या एका तरुणाला अटकही झाली. विषय स्त्री-पुरुषांचा नव्हताच. बोलणारी बाई होती, एवढे पुरेसे ठरले.

यवतमाळ जिल्ह्यात बाईच्या हसण्याला आणखी एक पहारा आहे. शेतकऱ्याच्या विधवेने छायाचित्रात डोळ्यांना पदर लावूनच उभे राहावे, अशी आपणा शहरवासीयांची, त्यात वृत्तपत्रेही आली, जणू अपेक्षाच असते. यवतमाळात 11 जानेवारी 2019 रोजी 92व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक म्हणून कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या, तेव्हा ती मोडली. पती आत्महत्येने गेलेल्या आणि ‘तेरवं’ नाटकात भूमिका केलेल्या येडे यांनी, अडचणीच्या वेळी दिल्लीची नव्हे, गल्लीतलीच बाई कामाला येते, अशा आशयाची कोपरखळी मारली. दिल्ली आणि संमेलनाचे आयोजक, एकाच वाक्यात दोघांचा समाचार! कारण ज्या व्यासपीठावरून त्या बोलत होत्या, ते त्यांना ऐनवेळी, नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्यामुळे मिळाले होते.