पहिला प्रोग्राम वारसा हिश्श्यांचा

परभणी, जिंतूर, पाथरीची मुलं विचारतात, ‘कोडिंगला इंग्रजी किती लागतं?’ मी म्हणतो, आधी अपूर्णांक पक्के करा. अल-ख्वारिज्मी यांनी इ.स. 820 च्या सुमारास बगदादमध्ये बीजगणितावर ग्रंथ लिहिला; त्यात वारसा हिश्श्यांची भरपूर उदाहरणं आहेत. ‘अल्गोरिदम’ हा शब्दही त्यांच्याच नावावरून आला.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. समजा, वडील वारले. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. आजी-आजोबा हयात नाहीत. कर्ज आणि वसियत वजा करा. आईला 1/8. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. एकूण 40 हिस्से धरले, तर आईला 5, मुलांना 14-14, मुलीला 7. मुलांची संख्या बदलली तरी उत्तर देईल असा प्रोग्राम पायथनमध्ये लिहा. पायथन मोफत आहे, मोबाइलवरही चालतं.

बहिणीचे 7 हिस्से स्क्रीनवर आले, की ते तिला खरंच मिळाले का, हेही घरात विचारा.