बारा लाखांची सूट आणि एक हजाराची पेन्शन

1 फेब्रुवारी 2025 ला निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं की वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स लागणार नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या कडोदऱ्याच्या ग्रुपवरही तोच मेसेज फिरला, फटाक्यांच्या चित्रासकट. पाठवणाऱ्या दादाला महिन्याला 16 हजार पडतात. त्याने टॅक्स कधी भरलाच नाही. मग त्याला माफ काय झालं, सांगा बरं?

नवापूर-नंदुरबार-शिंदखेड्याच्या दोस्तांना कडोदरा समजावून सांगायला नको. धुळ्याकडून सुरतेला येणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद हायवेला जिथे कापतो, ते हे गाव. चारही बाजूंना डाइंग-प्रिंटिंगच्या मिल, लूमचे शेड, आणि त्यांच्या मागे दहा बाय दहाच्या खोल्या. दरवर्षी एक नवी सोसायटी उभी राहते. आपल्या भाऊबंदांपैकी कोणी ना कोणी इथे नाहीतर उधना-लिंबायतला असतंच. बाप्ये बारा तासांची पाळी करतात, खाडा झाला की पैसे कापले. बाया घरी बसून साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात, पैसे नगावर. माझी माय हेच करते आणि मी तिच्या शेजारी बसून राज्यशास्त्राचा अभ्यास करते. म्हणून या वेळी बजेटचं भाषण आणि त्यामागची परिशिष्टं सगळी वाचून काढली.

त्यात कडोदरा सापडलं! पण कसं? मिनिटाला 650 मीटरपेक्षा कमी वेगाचे रेपियर लूम आणि 1000 मीटरपेक्षा कमी वेगाचे एअरजेट लूम, यांच्यावरची आयात ड्युटी साडेसात टक्क्यांवरून शून्य केली. म्हणजे लूम मिनिटाला किती मीटर पळतो हे दिल्लीला बरोबर माहीत आहे. तो चालवणारा किती तास उभा असतो, याची नोंद कुठे नाही. मालकाला सवलत देऊ नका असं मी म्हणत नाही. मशीन आलं तर धंदा टिकेल, ते कळतं आम्हाला. पण मशीनचा आकडा एका वर्षात बदलतो आणि माणसाचा का बदलत नाही?

आता हे आकडे बघा. टॅक्समाफीची मर्यादा 2019 मध्ये 5 लाख झाली, 2023 मध्ये 7 लाख, आता 12 लाख. आणि आपल्या घरातल्या मर्यादा? पीएफसाठी 15,000 पगाराची अट सप्टेंबर 2014 पासून तीच. पीएफवाल्यांची किमान पेन्शन 1,000 रुपये, तीही तेव्हापासून तीच. ईएसआयची 21,000 ची अट जानेवारी 2017 पासून हललेली नाही. एखाद्या कलर मास्तरचा पगार 20,500 वरून 21,500 झाला की त्याचं ईएसआयचं कार्ड काही महिन्यांत बंद. हजार रुपये वाढले आणि अख्ख्या घराचा दवाखाना गेला, असली ही पगारवाढ.

कोणी म्हणेल, हे पीएफ ऑफिसचे विषय, बजेटचा काय संबंध? संबंध आहे. ही हजाराची पेन्शन आणि 15,000 ची मर्यादा जुलै 2014 मध्ये अरुण जेटलींनी बजेटच्याच भाषणात जाहीर केली होती, त्यासाठी पैसेही ठेवले होते. तेव्हा जमलं, मग आज का नाही?

पैसा नाही हे तर सांगूच नका. टॅक्सच्या सवलतीत सुमारे 1 लाख कोटी सोडून दिले, हे अर्थमंत्री स्वतः त्याच भाषणात म्हणाल्या. त्याच बजेटमध्ये मनरेगाला मिळाले 86,000 कोटी. मागच्या वर्षीही तेवढेच होते. महागाई वाढली, आकडा जागचा हलला नाही.

कडोदऱ्यात मनरेगा कुठून आलं, असं वाटेल. तर ऐका. गावाकडे काम निघालं नाही की लोक सुरतेची गाडी धरतात. मिलच्या गेटवर हात वाढले की ठेकेदार रोज पाडतो. शहाद्याच्या रानात बंद पडलेलं काम इथल्या हजेरीत दिसतं. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये, देशाच्या किती तरी आधी केला, त्याच महाराष्ट्राची पोरं कामासाठी नवापूर ओलांडतात. मतदार यादीत नाव तिकडे, घाम इकडे. तिकडच्या खासदाराला वाटतं हे गुजरातचे मजूर, इकडच्याला वाटतं हे महाराष्ट्राचे मतदार. मग बोलणार कोण?

दुसरा युक्तिवाद मी वर्गातही ऐकला. मध्यमवर्गाच्या हातात पैसा खेळला की साड्या खपतील, मग मिल चालेल, मग मजुरालाही मिळेल. मिल चालेल, मान्य. पण दिवाळीच्या सीझनला मिल रात्रंदिवस चालतात तेव्हा मायचा नगाचा भाव वाढलेला मी तरी पाहिला नाही. पाळ्या वाढतात, भाव तोच.

आणि माय तर कुठल्याच रकान्यात नाही. या बजेटने ऑनलाइन कंपन्यांच्या डिलिव्हरीवाल्यांना ई-श्रम ओळखपत्र आणि आरोग्य विमा देऊ म्हटलं. चांगलं केलं. पण घरी बसून नगावर काम करणारीसाठी भाषणात एक ओळ नाही. तिला ना पीएफ, ना ईएसआय, ना मालकाचं नाव माहीत.

दोस्तांनो, मागायचं ते नेमकं मागू. ईएसआय आणि पीएफच्या मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वाढाव्यात, किमान पेन्शन वाढावी, नगावर काम करणाऱ्या बायांना ईएसआय मिळावं. निवेदन नंदुरबार-धुळ्याच्या खासदारांनाही द्यायचं आणि सुरत-बारडोलीच्या खासदारांनाही, एकाच दिवशी, एकाच मजकुराचं. त्याआधी एक काम करा. आज रात्री वडिलांच्या, भावाच्या पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी नोंदलेली लागते. ते किती वर्षं मिलमध्ये आहेत आणि पासबुकात किती महिने भरलेत, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून काढा. निवेदनाला तेच जोडायचे आहेत.