विकतचा रणगाडा

नगरच्या रणगाडा संग्रहालयाला (स्थापना 1994) भेट देऊन आलेली मुले शालेय प्रदर्शनांत रणगाड्यांच्या प्रतिकृती मांडतात. बक्षीस मात्र बहुधा विकतच्या संचातून जोडलेल्या गुळगुळीत प्रतिकृतीला मिळते. या निवाड्याला आमचा ठाम विरोध आहे. 'विजयंता'ची तोफ 105 मिलिमीटरची. 1:35 या प्रमाणात तिचा अंतर्व्यास बरोबर 3 मिलिमीटर भरतो. हा भागाकार करून, त्या मापाची नळी धुंडाळून, पुठ्ठा कापून ज्याने तोफ घडवली, त्याने रणगाडा वाचला आहे. संच जोडण्यातही कौशल्य असते, हे मान्य. परंतु तेथे मापे दुसऱ्याने घेतलेली असतात. मराठीच्या वर्गात गाईडवर विसंबणारा विद्यार्थी आम्हांस असाच भेटतो. परीक्षकांनी यापुढे निदान एवढे विचारावे : यातला कोणता भाग तू स्वतः केलास?