तोफा, लोणी आणि तोफगोळे

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात उत्पादन शक्यता वक्र शिकविताना सॅम्युएल्सन यांच्या पाठ्यपुस्तकाने रूढ केलेले ‘तोफा की लोणी’ हे उदाहरण फळ्यावर मांडल्यावाचून सहसा कोणाचा तास पुरा होत नाही. गेल्या सत्रात मीही ते मांडले. त्यावर उरणहून वाशीला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तोफ एकदा घेतली की वीस-तीस वर्षे चालते, गोळे मात्र रोज लागतात. मग या आकृतीत गोळे कोठे दाखवायचे?” वर्ग हसला. मला मात्र उत्तर चटकन देता आले नाही.

ती वक्ररेषा असे गृहीत धरते की, समाजाने मनात आणले की लोण्याकडची साधने तोफांकडे वळतात. प्रत्यक्षात गोळ्याची निर्मिती अशी वळत नाही. 155 मिलिमीटरच्या गोळ्यासाठी विशिष्ट पोलादाचे घडीव कवच लागते, आत भरावयाचे स्फोटक लागते, नेमक्या क्षणी तो फोडणारा फ्यूज लागतो आणि गोळा नळीतून फेकणारी दारू लागते. या दारूचे मूळ द्रव्य नायट्रोसेल्युलोज. आणि ते बनते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड कापूसतंतूंपासून. कापूस पिकविणाऱ्या विदर्भ-खानदेशातील वाचकांना हे ऐकून नवल वाटेल, पण युरोपातील बडे शस्त्रकारखाने याच तंतूंसाठी बव्हंशी चीनवर अवलंबून असल्याची कबुली त्यांच्या चालकांनीच दिली आहे. या साखळीतला एक दुवा अडला की उरलेले तिन्ही निरुपयोगी ठरतात, आणि नवा दुवा उभा करायला महिने नव्हे, वर्षे लागतात.

युक्रेनमध्ये फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या युद्धाने हे जगापुढे उघडे केले. युद्धापूर्वी अमेरिकेत महिन्याला सुमारे 14 हजार गोळे तयार होत. एवढे गोळे ऐन धुमश्चक्रीत दोन-चार दिवसांत संपत. युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा त्यांपैकी निम्म्याच्या आसपासच पोचले होते. पैसा होता, सद्भाव होता, कारखाने नव्हते. अमेरिकेतही मदतीचे विधेयक तेथील पक्षीय रस्सीखेचीत महिनोन्महिने अडकून पडले. ते एप्रिल 2024 मध्ये संमत झाले. तोवर फेब्रुवारीतच गोळ्यांच्या टंचाईत अव्दिव्का शहर हातचे गेले होते. इकडे रशियासारख्या शस्त्रसंपन्न राष्ट्रालाही उत्तर कोरियाच्या कोठारांकडे वळावे लागले. मित्राची मदत ही मित्राच्या संसदेतील मतमोजणीवर अवलंबून असते, एवढा बोध दोन्ही बाजूंकडून घेता येतो.

आपल्याला हा धडा युक्रेनकडून शिकण्याचे कारण नव्हते. 1962 च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून महाराष्ट्राने अभिमान मिरविला. त्या वाक्याचा पुढला, कमी काव्यमय भाग म्हणजे नंतरच्या दशकात महाराष्ट्रात उभे राहिलेले आयुध कारखाने. नागपूरजवळ अंबाझरीला गोळ्यांची कवचे, भंडाऱ्याला दारू आणि स्फोटके, भद्रावतीला भरणी, वरणगावला बंदुकांची काडतुसे. आणि खडकीचा कारखाना तर 1869 पासूनचा. 1962 मध्ये अमेरिकेची शस्त्रे आली होती. 1965 मध्ये त्याच अमेरिकेने भारत-पाकिस्तान दोघांचाही पुरवठा बंद केला. तीन वर्षांत मदतीचा नळ उघडून बंद झालेला पाहिल्यावर स्वावलंबनाचे व्याख्यान कोणी देण्याची गरज उरली नव्हती.

तरीही आपण चुकलोच. मार्च 1986 मध्ये बोफोर्सच्या 410 तोफा घेण्याचा करार झाला. त्याबरोबर मिळालेले तंत्रज्ञानाचे कागद, एप्रिल 1987 मध्ये लाचखोरीचे प्रकरण उद्भवल्यावर, वर्षानुवर्षे धूळ खात पडले. त्यांच्या आधारे ‘धनुष’ तोफ घडविण्यास आपल्याला जवळजवळ पाव शतक लागले. दरम्यान 1999 मध्ये कारगिल घडले. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले, असे सांगितले जाते. साठा आटला तेव्हा परदेशांत धावाधाव करावी लागली. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, ज्या ज्या देशाकडे आपण गेलो त्याने आपल्या अडचणीचा फायदा उठविला आणि एकाने तर 1970 च्या दशकातला दारूगोळा माथी मारला. मागणी ताठर आणि विक्रेते मोजके, अशा बाजारात किंमत कोण ठरवितो, हे बारावीचा विद्यार्थीही सांगेल.

कारगिलनंतर तोफांसाठी लागणाऱ्या दारूच्या नव्या प्रकारासाठी बिहारमध्ये नालंदा येथे कारखाना काढण्याचे ठरले. ज्या परकीय कंपन्यांकडून तंत्र घ्यायचे, त्या एकामागून एक काळ्या यादीत गेल्या आणि प्रकल्प रखडत राहिला. भ्रष्टाचाराची शिक्षा व्हायलाच हवी. पण आपल्या पद्धतीत शिक्षा विक्रेत्यापेक्षा सीमेवरील तोफखान्याला अधिक होते, हेही खरे. महालेखापालांच्या 2015 च्या अहवालानुसार, तीव्र लढाईचे चाळीस दिवस पुरेल एवढा साठा मार्च 2013 मध्ये दारूगोळ्याच्या केवळ दहा टक्के प्रकारांतच उपलब्ध होता.

आता चित्र पालटले आहे, असे सांगण्यात येते. काही अंशी ते खरेही आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्यांतील दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात, तर अंबाझरीचा कारखाना ज्यात मोडतो ती यंत्र इंडिया नागपुरात आहे. खासगी क्षेत्रही उतरले आहे. मार्च 2025 मध्ये देशी बनावटीच्या लांब पल्ल्याच्या तोफांचा सुमारे 6,900 कोटी रुपयांचा करार पुण्याच्या भारत फोर्ज आणि टाटांच्या कंपनीशी झाला. भारतातून युरोपात गेलेले गोळे पुढे युक्रेनला पोचले, अशी बातमी एका वृत्तसंस्थेने सप्टेंबर 2024 मध्ये दिली. परराष्ट्र मंत्रालयाने ती तर्काधिष्ठित आणि दिशाभूल करणारी ठरविली. ज्या देशाने कारगिलच्या वेळी इतरांच्या कोठारांत हात पसरले, त्याच्या गोळ्यांविषयी पाव शतकाने ही चर्चा व्हावी, हा कालमहिमाच.

या निर्यातीला नैतिक कारणावरून विरोध करणारे माझे काही सहकारी आहेत. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही मला त्यांचे म्हणणे पटत नाही. शांततेच्या काळात आपल्या सैन्याची गरज एवढी नसते की कारखाना पूर्ण क्षमतेने चालावा. परदेशी मागणीमुळे यंत्रे चालू राहतात, कुशल कामगार टिकतात. पण दोन अटी मला अपरिहार्य वाटतात. आपला चाळीस दिवसांचा साठा पुरा झाल्यावाचून एकही गोळा बंदरातून बाहेर जाऊ नये. आणि कोणाला किती विकले याचा तपशील संसदेच्या समितीपुढे तरी यावा. दुसऱ्या अटीवर गोपनीयतेचा आक्षेप येईल. परंतु गोपनीयतेच्या पडद्याआड काय काय चालते, ते बोफोर्सने पुरेसे दाखविले आहे.

माझी खरी चिंता निराळी आहे. कंपनी झाली की ताळेबंद आला, आणि ताळेबंदात पडून राहिलेली क्षमता हा तोटाच दिसतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात मात्र ती रिकामी क्षमता हाच खरा माल असतो. अग्निशामक दलाचा बंब रोज धावत नाही म्हणून कोणी तो विकत नाही. ही क्षमता राखण्याचा खर्च सरकारने दरवर्षी किमान खरेदीची हमी देऊन उघडपणे सोसावा, कंपनीच्या नफ्यावर लादू नये. लादला, तर काटछाट कोठे होईल हे सांगायला ज्योतिषी नको. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ कामगार दगावले. त्यामागील कारणांविषयी मी येथे काही म्हणत नाही. परंतु स्फोटकांच्या कारखान्यात सुरक्षेवर वाचविलेला रुपया हा रुपया नसतो. पुलगावच्या दारूगोळा कोठारात 31 मे 2016 रोजी लागलेल्या आगीची आठवणही अजून जुनी झालेली नाही.

त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी मी सांगितले की, गोळे रेषेवर नव्हे, रेषेखालच्या जागेत दाखवावेत. ज्या साधनांचा आपण मुद्दाम वापर करीत नाही, त्या जागेत. तो म्हणाला, “मग सर, आमचं घरही तिथेच येतं.” उरणला करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. त्याच्याभोवती जाहीर झालेल्या सुरक्षापट्ट्यात शेकडो घरे आणि जमिनी येतात. पट्टा रद्द होत नाही, जमिनी रीतसर संपादित होऊन मोबदलाही हाती पडत नाही, आणि नव्या बांधकामाची परवानगी मागायला गेलेला माणूस हात हलवीत परततो. देशाचा साठा राखण्याची किंमत संरक्षणखात्याच्या अंदाजपत्रकात जेवढी दिसते, तेवढीच ती नाही. तिचा एक हिस्सा न विचारता उरणच्या कुटुंबांच्या खात्यावर पडतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात नोंदलेला नाही.